२५ दिवसांची पिल्लं पंख पाडून बसलीत, शिटेत रक्त दिसलं. कॉक्सीच (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग) आहे का?

प्रश्न

नमस्कार. ८० पिल्लांची ही माझी पहिलीच बॅच. आज पिल्लं २५ दिवसांची झाली. काल संध्याकाळपर्यंत एकही मेलं नव्हतं. रात्री दोन पिल्लं बल्बखाली अंग फुलवून, पंख पाडून, डोळे मिटून बसलेली दिसली. एवढ्या उकाड्यात यांना थंडी कशी वाजते तेच कळेना. पहाटे दोन्ही मेलेली होती आणि आणखी सात-आठ तशीच बसलेली. खाद्य निम्म्यावर आलंय. पाणी मात्र पितात.

सकाळी लिटरवर (खाली पसरलेल्या तुसावर) तीन ठिकाणी लाल शीट दिसली. एका जागी तर नुसतं रक्तच होतं. त्याशिवाय चॉकलेटी रंगाची, चिकट, घाण वासाची शीट मी आठवडाभर अधूनमधून बघतोय. तेही रक्तच होतं का? माझ्याकडून आठ दिवस वाया गेले का?

परवा एक-दोन पिल्लं सुस्त वाटली म्हणून दुकानदारानं दिलेलं अँटिबायोटिक आणि बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून चालू केलंय. काही फरक नाही. अजून एक सांगायला हवं. सात दिवसांपूर्वी रात्री ड्रिंकर, म्हणजे पाण्याचं भांडं, कलंडला आणि एका कोपऱ्यातलं तूस चांगलंच भिजलं. मी ते काढलं नाही, वरून कोरडं तूस टाकलं.

पशुवैद्यक दुपारनंतर भेटणार आहेत. तोवर काय करू? मेलेली दोन पिल्लं टाकून देऊ का?

उत्तर १

दादा, आधी हाताला काम, मग बाकीचं.

पिल्लं टाकू नका. पिशवीत गुंडाळून थंड जागी ठेवा, डब्यात बर्फ घालून ठेवलीत तरी चालेल, पण गोठवू नका. डॉक्टरांनी ती उघडून बघितली की दहा मिनिटांत निम्मा प्रश्न सुटेल.

पाण्यातलं बी-कॉम्प्लेक्स आत्ता बंद करा. कारण सांगते. कॉक्सीवर पहिलं औषध म्हणून बहुतेकांच्या हाती येतं ते अँप्रोलियम, आणि ते दिसायला बी-१ जीवनसत्त्वासारखंच असतं. कॉक्सीच्या जंतूला बी-१ लागतं, तो ते समजून अँप्रोलियम घेतो आणि उपाशी मरतो. तुम्ही वरून खरं बी-१ पाजत राहिलात, तर औषधाचं काम तुम्हीच मोडून काढाल. माझ्याकडे एकदा असंच झालं होतं. तीन दिवस औषध दिलं, मरतुक थांबेना, मी औषधालाच नावं ठेवत होते. चौथ्या दिवशी दुसऱ्या बाटलीचं लेबल वाचलं.

मात्रा अशी. २० टक्के पावडर मिळाली तर एका लिटरला १.२ ग्रॅम. ९.६ टक्के द्रावण मिळालं तर एका लिटरला अडीच मिली. दोन्हीत लिटरमागे २४० मिलिग्रॅम औषध जातं. पाकिटावरची टक्केवारी वाचल्याशिवाय चमचा उचलू नका, एकच नाव वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. या वयाची ८० पिल्लं दिवसाला साधारण सहा लिटर पाणी पितील, आजारी असल्यामुळे थोडं कमीच. म्हणजे पावडर ७ ग्रॅमच्या आसपास. सोनाराकडच्यासारखा छोटा काटा नसेल तर दुकानातून मोजूनच पुड्या बांधून आणा. ही पूर्ण मात्रा ५ दिवस, मग पाव मात्रा, म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम, पुढे एक-दोन आठवडे. पाणी रोज नवं करा. शेडमध्ये साध्या पाण्याचं दुसरं एकही भांडं राहू देऊ नका, नाहीतर पिल्लं त्यावरच जातील.

औषध सगळ्यांना द्यायचं, बसलेल्या आठांनाच नाही. जी ७० पिल्लं आज पळतायत त्यांच्या पोटात हा जंतू नाही असं मुळीच समजू नका. वाचायची जास्त शक्यता त्यांचीच आहे, औषध खरं त्यांच्यासाठी आहे. जी आत्ता मान टाकून बसलीत, त्यांची आतडी सोलून निघालीत. त्यातली काही उठतील, काही उठणार नाहीत. ही पिल्लं खाणं लवकर सोडतात पण पाणी उशिरापर्यंत पितात, म्हणून औषध खाद्यातून न देता पाण्यातून. जे पाण्यापर्यंत चालत जात नाही त्याला हातात घेऊन चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा, गिळू द्या, मग पुढचा थेंब. घाईत घशात ओतलं तर पाणी श्वासनळीत जातं.

आता तुमच्या चॉकलेटी शिटेचं. ती रोगाची नाही, मनातून काढून टाका. कोंबडीला लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावर दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्या रिकाम्या होतात तेव्हा अशी तपकिरी, चिकट, घाण वासाची शीट पडते. आठ-दहा शिटांमागे एक. निरोगी पिल्लाचीही. कधीकधी गाजराच्या रंगाचे धागे दिसतात, ते आतड्याचं झडलेलं अस्तर असतं. एखाद-दुसऱ्या ठिकाणी दिसलं तर नुसती नजर ठेवायची, रोज वाढत गेलं तर मात्र सावध व्हायचं. खरं रक्त बघायचं असेल तर आज रात्री बल्बखाली पांढरा कागद पसरा आणि सकाळी बघा. तुसावर रंग फसवतो, कागदावर फसवत नाही.

आणि हे मी मनापासून लिहितेय, कारण यात माझी ४१ पिल्लं गेलीत. माझ्या दुसऱ्या बॅचमध्ये १२० होती. पिल्लं फुलून बसायला लागली तेव्हा मी रोज शीट तपासायचे आणि रक्त नाही म्हणून हायसं वाटून घ्यायचे. तीन दिवस अशी वाट पाहिली. रक्त दिसलं त्या दिवशी अकरा मेली. नंतर कळलं की पिल्लानं जंतू गिळल्यापासून रक्त दिसायला चार-पाच दिवस लागतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मरतुक सर्वात जास्त असते. म्हणजे रक्त ही सुरुवातीची खूण नव्हेच. शिवाय कॉक्सीचे काही प्रकार रक्त दाखवतच नाहीत, नुसती पांढरट, पाणचट, शेंबडासारखी शीट आणि वजन अडकलेलं.

मी आता रक्ताच्या आधीचं बघते. संध्याकाळी दिवे मंद करायच्या आधी दहा-बारा पिल्लं हातात घेते आणि गळ्याखालची खाद्याची पिशवी चाचपते. त्या वेळी ती भरलेली हवी. तीन-चार जणांची रिकामी लागली की मला रात्री झोप येत नाही. मग पाय आणि तुरा बघायचा, रंग उतरलाय का. छातीचं हाड बोटाला टोचतंय का. आणि शेडमध्ये शिरताना आवाज ऐकायचा. निरोगी पिल्लांच्या किलबिलाटाची सवय झाली की एक कोपरा गप्प झालेला कान आधी सांगतो, डोळे नंतर.

त्या भिजलेल्या कोपऱ्याबद्दल संध्याकाळी लिहिते. तोवर तिथलं तूस जमिनीपर्यंत खरवडून बाहेर काढा.

उत्तर २

आमच्याकडे अशा वेळी पाण्यात व्हिनेगर आणि ठेचलेला लसूण देतात. रासायनिक औषधाआधी ते करून बघायला काय हरकत आहे? दोन दिवसांत फरक पडतो असा अनुभव आहे.

उत्तर १, पुन्हा

हरकत त्या दोन दिवसांचीच आहे. व्हिनेगर पाणी आंबट करतं, पण आतड्याच्या पेशीच्या आत शिरून वाढणाऱ्या जंतूपर्यंत ते पोचत नाही. लसणाचंही तेच. फरक पडल्यासारखा वाटतो कारण आजार सौम्य असेल तर पिल्लं स्वतःच आठवड्यात सावरतात आणि श्रेय त्या दिवशी पाण्यात जे होतं त्याला जातं. शिटेत रक्त आणि पहाटे दोन मेलेली, अशा वेळी हे प्रयोग नकोत. अँटिबायोटिकचंही असंच आहे. कॉक्सीचा जंतू बॅक्टेरिया नाही, त्यामुळे साधी अँटिबायोटिक त्याला लागू पडत नाहीत.

उत्तर ३

मी पशुवैद्यक आहे. वर ताईंनी दिलेली मात्रा बरोबर आहे. काही गोष्टी जोडतो.

वय २५ दिवस, ओलं लिटर, रक्ती हगवण आणि अचानक मरतुक या चार गोष्टी एकत्र आल्या की कॉक्सीच्या जंतूच्या, म्हणजे आयमेरियाच्या, टेनेला या जातीचा संशय प्रथम येतो. कोंबड्यांत आयमेरियाच्या सात जाती पूर्वीपासून ओळखल्या जातात आणि प्रत्येकीची आतड्यातली जागा ठरलेली असते. टेनेला त्या दोन आंधळ्या पिशव्यांत वाढते. पोस्टमॉर्टेममध्ये त्या फुगलेल्या, काळपट लाल आणि रक्तानं भरलेल्या दिसतील. दोन-तीन दिवस जुना आजार असेल तर आत चीजसारखी घट्ट गुठळी सापडते. नेकाट्रिक्स ही जात असेल तर लहान आतड्याचा मधला भाग फुगतो आणि बाहेरूनच पांढरे-लाल ठिपके दिसतात. असेर्व्हुलिना वरच्या भागात पांढऱ्या आडव्या रेघा उमटवते, तिच्यात रक्त नसतं.

याच वयात गंबोरो हा विषाणूचा आजारही येतो. त्यातही पिल्लं फुलून बसतात, पण शीट बहुधा पांढरी पाणचट असते, आणि गुदद्वाराच्या वरची बर्सा ही गाठ सुजलेली, मांडीच्या स्नायूंत रक्ताचे डाग, असं चित्र असतं. बर्सा आणि आंधळ्या पिशव्या दोन्ही बघून घ्या असं तुमच्या डॉक्टरांना सांगा. पहिल्या दोन आठवड्यांतच पांढरी हगवण आणि बुडाला चिकटलेली घाण असेल तर विचार पुलोरमसारख्या बॅक्टेरियाच्या आजाराकडे वळतो. तिथे कॉक्सीचं औषध उपयोगाचं नाही.

एक इशारा. शीट सूक्ष्मदर्शकाखाली तपासून अंडपुट्या (शिटेतून बाहेर पडणारी जंतूची कवचबंद अंड्यासारखी अवस्था) दिसल्या नाहीत तरी कॉक्सी नाही असं धरू नका. टेनेलामध्ये पिल्लू बहुधा पाचव्या-सहाव्या दिवशी मरतं आणि अंडपुट्या शिटेतून भरपूर बाहेर पडतात त्या त्यानंतर. म्हणजे तपासणी ‘काही नाही’ सांगत असताना आतडं आतून फाटलेलं असू शकतं. आतडं खरवडून केलेली तपासणी अधिक खात्रीची.

अँप्रोलियमनं ४८ तासांत मरतुक उतरली नाही तर टोल्ट्राझुरिलचा विचार होतो, वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅम, सलग दोन दिवस. ते जंतूच्या पेशीतल्या सगळ्या अवस्थांवर चालतं. मात्र अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देत नाहीत, आणि मांसासाठीचा थांबायचा काळ लेबलवर असतो तो पाळायचा. सल्फा औषधं उपयोगी आहेत, पण रक्तस्राव चालू असताना मात्रा चुकली तर रक्तस्राव वाढवू शकतात, म्हणून नवख्यानं स्वतःहून देऊ नयेत. व्हिटॅमिन के द्यायला हरकत नाही, रक्त गोठायला मदत होते.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. डॉक्टर येऊन गेले. दोन्ही पिल्लं उघडली. सर, तुम्ही लिहिलं अगदी तसंच, दोन पिशव्या बोटाएवढ्या फुगलेल्या, जांभळट. एकीत काप घेतला तर नुसतं रक्त. बर्सा ठीक होती. दुपारी अडीचला अँप्रोलियम सुरू केलं, २० टक्केवालं, काट्यावर मोजून.

कोपऱ्यातलं तूस काढलं. वरचं कोरडं, खाली बोटभर ओला, गरम, काळा थर. बघून पोटात गोळा आला.

उत्तर १

तोच थर. आता त्याचं गणित सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही वरून कोरडं तूस टाकणार नाही.

शिटेतून पडलेली अंडपुटी ताजी असताना निरुपद्रवी असते. पिल्लानं ती गिळली तरी काही होत नाही. तिला ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती आतून पिकते, आणि मग एकीतून आठ जंतू बाहेर येतात. ते आतड्याच्या पेशीत शिरतात, फुटतात, पुन्हा शिरतात. आठवड्याच्या आत एकाचे हजारो होऊन बाहेर पडतात. तुमच्या शेडमध्ये थोड्या पुट्या आधीपासून असणारच, कुठलंच शेड त्यापासून पूर्ण मोकळं नसतं. १८ व्या दिवशी ड्रिंकर कलंडला. २० व्या दिवसापर्यंत त्या कोपऱ्यात सगळ्या पुट्या पिकल्या. पिल्लांना ओल्या जागी उकरायला आवडतं. त्यानंतर चार-पाच दिवस मोजा.

म्हणजे आठ दिवस वाया गेले नाहीत, दादा. चुकलं ते एका रात्रीपुरतं, आणि तेही माहीत नव्हतं म्हणून.

एक वेगळी गोष्ट यातच दडलीय. थोड्या थोड्या पुट्या पोटात जाणं वाईट नाही, त्यातूनच पिल्लाला त्या जातीची प्रतिकारशक्ती येते. लसही त्याच तत्त्वावर चालते, मोजक्या जिवंत पुट्या पहिल्याच दिवशी पाजायच्या. फक्त लस दिलेल्या पिल्लांना कॉक्सीचं औषध असलेलं खाद्य द्यायचं नाही, नाहीतर लस मारली जाते. आपलं काम पुट्या शून्यावर आणणं नाही, त्या एकदम वाढू न देणं एवढंच, आणि ते सगळं ओलीवर आहे. रोज ड्रिंकरजवळचं मूठभर लिटर घ्या आणि दाबा. मूठ उघडल्यावर भुसभुशीत सुटलं तर ठीक. लाडवासारखा गोळा राहिला तर ते त्याच क्षणी उचला. ड्रिंकरची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला हवी आणि दर चार दिवसांनी वर घ्यायला हवी, कारण पाठ वर जाते. तुमचा ड्रिंकर पहिल्या दिवसापासून जमिनीवर असणार असं मला वाटतं.

प्रश्नकर्ता

हो. जमिनीवरच होता. आज विटेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन मेली, संध्याकाळी एक. काल दोन. कागदावर काल सकाळी रक्ताचे नऊ डाग होते, आज चार. आज एकही मेलेलं नाही, पण मी अजून धीर सोडून बसलोय. बसलेल्या आठांपैकी दोघांना ड्रॉपरनं पाजतोय, दर दोन तासांनी. एकाच्या पायाला ओळखू यावं म्हणून लाल दोरा बांधलाय.

दोन शंका. त्यांना वेगळ्या खोक्यात ठेवू का? आणि पुढची बॅच आणायच्या आधी शेड ब्लीचनं धुतलं तर चालेल ना?

उत्तर १

वेगळी ठेवा. रोग पसरायचा तो पसरलाय, पण बाकीची त्यांना तुडवतात आणि खाद्यावर येऊ देत नाहीत. खोक्यात ऊब द्या, रक्त गेलेल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. खाद्य थोडं ओलवून, थोडं थोडं, आणि उरलेलं तासाभरात काढून टाका. पूर्ण मात्रेचे ५ दिवस पूर्ण करा, मरतुक थांबली म्हणून मध्येच सोडू नका. बी-कॉम्प्लेक्स औषध संपल्यावर, तेव्हा जरूर द्या.

ब्लीच चालणार नाही. अंडपुटीचं कवच इतकं चिवट असतं की नेहमीची जंतुनाशकं तिला काही करत नाहीत. ओलसर, सावलीतल्या मातीत ती कित्येक महिने टिकते. ती मरते कोरडेपणानं, उष्णतेनं आणि अमोनियानं. सगळं लिटर बाहेर काढा, जमीन कोरडीच खरवडा, मग उकळतं पाणी किंवा फ्लेमगन (आगीची ज्योत मारायचं यंत्र), आणि मग दारं-खिडक्या उघडी ठेवून शेड रिकामं वाळू द्या, जितके दिवस जमेल तितके. भांड्यांवर उकळतं पाणी. अमोनियाचं द्रावण वापरलंत तर शेड पूर्ण रिकामं हवं, आणि ब्लीचबरोबर ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. शेडसाठी वेगळी चप्पल ठेवा. पुट्या चपलेवरून सगळीकडे जातात, माझ्या दोन शेडमध्ये त्या अशाच गेल्या होत्या.

उत्तर ४

माझ्याकडे मोठ्या कोंबड्या शेजारच्या खुराड्यात आहेत, बदकंही आहेत. त्यांना यातून लागण होते का?

उत्तर ३

कोंबडीची आयमेरिया बदकाला किंवा टर्कीला होत नाही, त्यांच्या जाती वेगळ्या. माणसालाही होत नाही. मोठ्या कोंबड्यांना बहुधा लहानपणीच प्रतिकारशक्ती आलेली असते, त्या आजारी न दिसता पुट्या टाकत राहतात. म्हणून लागण उलट्या दिशेनं होते, मोठ्यांकडून पिल्लांना. आधी पिल्लांचं काम करावं, मग मोठ्यांच्या खुराड्यात जावं. आणि ज्या जातीशी गाठ पडलेली नाही तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नसते, त्यामुळे क्वचित मोठ्या पक्ष्यातही आजार दिसतो.

प्रश्नकर्ता

आज सहावा दिवस. एकूण नऊ गेली, शेवटचं परवा, ते खोक्यातलं होतं. ७१ आहेत. कालचा आणि आजचा कागद स्वच्छ आहे, फक्त दोन चॉकलेटी डाग, ते मी आता ओळखतो. खाद्य जवळजवळ आधीच्याइतकं उचलतायत. रात्री ताईंनी सांगितल्यासारखी बारा पिल्लं हातात घेतली, अकरांची पिशवी भरलेली होती. बारावं लाल दोऱ्यावालं, त्याची अर्धी. ते अजून हलकं आहे, पण आज खोक्याच्या कडेवर चढून बसलं होतं.

पाणी सकाळपासून पाव मात्रेवर आणलंय. ड्रिंकरखालचं तूस आज दोनदा दाबून बघितलं. दुसऱ्यांदा किंचित गोळा झाला म्हणून तेवढं उचलून टाकलं आणि वीट बदलून ड्रिंकर अजून बोटभर वर घेतला.